टेकडीवरची बाग कशी असावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीमागच्या टेकडीवर बाग व्हावी, असा अर्ज मंडळ वनखात्याकडे करणार आहे. त्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. बाग म्हटली की हिरवळ, कारंजे, सिमेंटचे बाक व रंगीत दिवे आपल्या डोळ्यांपुढे येतात. माझे म्हणणे असे की, ह्यांतले काहीही टेकडीवर नेऊ नये, आणि तरीही बाग व्हावी.

मुंबईस माहीम-धारावीच्या बाजूला, मिठी नदीकाठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जागा सुमारे ३७ एकर. पूर्वी तेथे शहराचा कचरा टाकीत. त्या उकिरड्यावर झाडे वाढविली आणि १९९४ साली ते लोकांना खुले झाले. ते पाहून आपणही टेकडी झाडांनी भरून टाकावी, असे कोणासही वाटेल. पण तेथली जमीन मेलेली होती, ती जिवंत करावी लागली. आपली टेकडी जिवंतच आहे.

उन्हाळ्यात ती पिवळी दिसते म्हणून तिला ओसाड म्हणू नये. पातळाला चिकटणारी कुसळे आपणांस नकोशी वाटतात. पण ते कुसळी गवतच माती धरून ठेवते व पाणी मुरवते. टिटवी तर अंडी उघड्या जमिनीवरच घालते. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाईच्या हौसेने परदेशी गिरिपुष्पाची लागवड झाली. ते दाटले की खालच्या गवताला ऊन मिळत नाही.

मग करावे काय? बाक, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह पायथ्याशी असावे, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही तेथवर येता येईल. सावलीही तेथेच करावी, पळस, बहावा, करंज ह्यांची. वर जाण्यास एकच मुरमाची पाऊलवाट असावी, आणि ती उताराला आडवी. सरळ उतरणाऱ्या वाटेचा पावसाळ्यात ओहोळ होतो. वर दिवे नकोत. रात्र ही घुबडाची व वटवाघळाची आहे. उन्हाळ्यापूर्वी वनखात्याच्या माणसांबरोबर जाळरेषा काढाव्यात, म्हणजे वणवा पसरणार नाही. आणि माथ्याचा बराचसा भाग असा ठेवावा, की जेथे आपण जाणारच नाही.

आणखी एक गोष्ट. दिवाळीनंतर टेकडीवरून गवताचे भारे आणणाऱ्या बाया आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिल्या आहेत. कुंपण घालून फाटकावर रखवालदार बसविला, तर बाग आपली होईल आणि त्यांच्या गाईम्हशींचा चारा जाईल. त्यांना न विचारता केलेल्या बागेला सार्वजनिक कसे म्हणावे?

कायद्याचेही भान हवे. वनजमिनीचा वनेतर उपयोग करण्यापूर्वी केंद्र सरकारची मान्यता घ्यावी लागते, असे १९८० चा वनसंरक्षण कायदा सांगतो. तेव्हा जितके बांधकाम कमी मागू, तितका आपला अर्ज सोपा होईल.

म्हणून माझी सूचना एवढीच: नकाशा काढण्यापूर्वी आपण सर्वजणी दोनदा टेकडी चढू या, एकदा श्रावणात व एकदा चैत्रात, आणि गवत कापणाऱ्या बायांना वाट दाखविण्यास पुढे घेऊ या. कोठे पाणी साचते, कोठे टिटवी बसते, हे त्या आपल्याला सांगतील. मग अर्ज लिहावा, आणि त्यावर त्यांच्याही सह्या असाव्यात.