फडातल्या बाईचे हाड



 संप्रेरके, हाडे आणि मूत्रपिंड यांवरची परिषद शेवगावात कशासाठी, असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर ऊसतोडीत आहे. दिवाळीच्या सुमारास इथून, पाथर्डीतून, शेजारच्या बीडमधून कोयते, म्हणजे तोडणी करणाऱ्या नवराबायकोच्या जोड्या, निघतात. त्यांनी आगाऊ उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापतात. पाळीच्या त्रासाने खाडे होऊ नयेत म्हणून कितीतरी बायका ऐन तिशीत गर्भाशयाची पिशवी काढून येतात. २०१९ मध्ये या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीडची आकडेवारी आली : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले. म्हणजे सहाजणींत एक.

पिशवीबरोबर अंडाशयेही गेली, तर इस्ट्रोजेन एकदम तुटते. हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारे तेच. मग हाड भरण्यापेक्षा झिजते जास्त आणि डोक्यावर उसाची मोळी चढतच राहते. अंडाशये काढलेली उंदराची मादी हा तर हाडांच्या ठिसूळपणावरील संशोधनाचा मान्य नमुना. तिच्या हाडांची घनता तुम्ही संशोधक आठवड्यागणिक मोजता. आमच्या बाईचे टाके निघाले की तिची विचारपूस संपते, याचे मला फार दुःख आहे.

मूत्रपिंडाचे तसेच. ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप शेवटी तिथेच मिळते. रक्तातले कॅल्शियम उतरले की पॅराथायरॉइड संप्रेरक मूत्रपिंडालाच ते राखायला लावते. आणि बाई उन्हात पाणी टाळते, कारण फडात लघवीला आडोसा नाही. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांत मधुमेह नसतानाही मूत्रपिंडे निकामी होताना दिसली. उष्णता आणि पाण्याचा तुटवडा ही त्यामागची मोठी शंका आहे. आपल्या फडांत तो शोध कसून व्हायला हवा.

माझी मागणी एवढीच : कोयता निघण्यापूर्वी आणि परतल्यावर या बायकांचे क्रिएटिनिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व तपासावे, पिशवी काढलेल्यांच्या हाडांची घनता मोजावी, आणि निष्कर्ष आधी त्यांना त्यांच्या भाषेत सांगावेत. त्यांना विचारल्याशिवाय रक्ताचा थेंबही घेऊ नये.

आज दुपारच्या सत्रात गावोगावच्या तोडणी कामगार महिला येत आहेत. पहिले प्रश्न त्या विचारतील. आता अध्यक्षांनी कामकाज सुरू करावे, ही विनंती.