विचारण्यात लाज कसली?
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



आज आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं-मुली घरातली पहिली पदवीधर होत आहेत. शिकता शिकता त्यांना इंटर्नशिप करावी लागते, म्हणजे कारखान्यात किंवा ऑफिसात जाऊन प्रत्यक्ष काम. आम्ही त्याला ट्रेनिंग म्हणायचो. माझाच अनुभव सांगते.

वडील मार्केट यार्डात हमाल, मी इंजिनिअरिंगला. वर्गात पहिल्या पाचात असायचे. पण कारखान्यात पाऊल ठेवलं आणि हातपाय गार पडले. ड्रॉइंग वाचता येत होतं. पण साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना काय म्हणायचं, जेवायला कुणाजवळ बसायचं, काम संपल्यावर निघायचं की थांबायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. सोबतच्या मुलांना ते घरातच ऐकून ठाऊक होतं. मला वाटे, आपल्यातच काहीतरी कमी आहे. विचारलं तर अडाणी ठरू, म्हणून दोन आठवडे गप्प राहिले.

एका शनिवारी आईला म्हटलं, "सोमवारपासून मी जात नाही." आई म्हणाली, "अगं, मी पहिल्यांदा कामाला गेले तेव्हा मला गॅस पेटवता येत नव्हता. बाईंना विचारलं. त्यात लाज कसली?"

सोमवारी फिटरकाकांना विचारलं, "माझं माप सारखं कमी का येतं?" मी मायक्रोमीटर फार आवळत होते. त्यांनी मागचं रॅचेट फिरवायला शिकवलं. महिन्याभराने नव्या मुलांना तेच मी दाखवत होते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली हेच मांडलं. 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः करून पाहिल्याने. त्याखेरीज आपल्यासारख्याला करताना पाहून आणि कुणी धीर दिल्यानेही येतो. आपल्या मुलांना नेमकं हे 'आपल्यासारखं' माणूस तिथे दिसत नाही.

आणि अपमान झाला, तर तो आपल्या अकलेचा दाखला समजू नका. बाबासाहेब 1917 साली कोलंबिया आणि लंडनला शिकून बडोद्याच्या नोकरीवर गेले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. त्यांच्या विद्वत्तेत काय कमी होतं?

पैशाचंही आधी विचारा. 1961 च्या कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. साध्या इंटर्नशिपचं तसं नाही. तिथे बसभाडंही खिशातून जातं. घरच्यांनी हा खर्च फुकट गेला असं मानू नये.

माझी एकच विनंती आहे. ज्यांची इंटर्नशिप झाली, त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास इथे बसावं. पहिल्या दिवशी काय होतं, आपण कुठे चुकलो, हे धाकट्यांना मोकळेपणाने सांगावं. आमच्या घरी सांगणारं कुणी नव्हतं. यांच्यासाठी आपण आहोत.