आईच्या नावाने

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझी आई गेली. तव्यावरची पहिली भाकरी ती दारच्या कुत्र्यासाठी बाजूला काढायची. उन्हाळ्यात अंगणात पाण्याची दगडी कुंडी भरून ठेवायची. मोकाट जनावर येऊन पाणी पिऊन गेले, की मगच तिला घास जायचा. म्हणून वर्षश्राद्धाला आम्ही भावंडांनी ठरवले, की तिच्या नावाने तालुक्याच्या पांजरपोळात काहीतरी द्यायचे.

मी पुरणपोळ्या आणि भात भरून दोन टोपल्या घेऊन गेलो. दारातच तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने हात जोडले. "सर, रागावू नका, पण हे गुरांना घालू नका. परवाच एक गाय अशानं आडवी झाली."

मला राग आलाच. आईचे श्राद्ध, आणि हा अन्न नाकारतो! पण त्याचे म्हणणे खरे होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा पचवणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. भात, पोळी, गूळ असे पदार्थ एकदम पुष्कळ पोटात गेले, की तिथे आम्ल वाढते. जनावर चारा सोडते, पोट फुगते, प्रसंगी ते दगावते. पोळ्याच्या सणाला आपण बैलाला प्रेमाने पोळ्या चारतो, तेव्हाही हे ध्यानात ठेवावे. घास दोन घासच असावा. उरलेले अन्न पिशवीत बांधून उकिरड्यावर टाकणे तर त्याहून वाईट. गाय अन्नाबरोबर पिशवीही गिळते.

"मग काय देऊ?" मी विचारले.

तो म्हणाला, "आत्ता काहीच नको. पितृपक्षात सगळेच देतात, अन् रानात गवतही असतं. आमचे हाल होतात ते चैत्र-वैशाखात. तेव्हा कुणाचं श्राद्ध नसतं."

श्रोतेहो, मी महाविद्यालयात वीस वर्षे शिकवतो आहे. पण इतका नेमका धडा क्वचितच ऐकला.

घरी वाद झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आईची तिथी भाद्रपदात, आणि दान चैत्रात? शिवाय नावाची फरशीसुद्धा नाही?" त्याचे दुःख मला कळत होते. फरशीवरच्या नावाला हात लावता येतो.

मी त्याला परळची गोष्ट सांगितली. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून दंगल उसळली. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ संस्था स्थापन केली. १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव दिले. पण लोक त्याला काय म्हणतात? 'बैलघोडा हॉस्पिटल'! साकरबाई कोण, हे येणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? तरी जखमी जनावर तिथे पोचतेच. नाव मागे राहिले, काम पुढे चालले आहे.

भाऊ काही बोलला नाही. पण रब्बीची ज्वारी निघाली, कडबा स्वस्त झाला, तेव्हा गाडी जोडून तोच निघाला. आता दर साली खळे उरकले, की आम्ही आईच्या नावाने कडबा पांजरपोळात टाकतो. वैशाखात तो गुरांपुढे पडतो. फरशी मात्र अजून बसवलेली नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात एखादी रिकामी जागा असेल. त्या माणसाच्या नावाने काही करायचे मनात असेल, तर आधी पांजरपोळात किंवा गुरांच्या दवाखान्यात जाऊन विचारा, कशाची गरज आहे आणि केव्हा आहे. शिक्षक मित्रांना विनंती, की शाळेच्या आवारात एक कुंडी ठेवा आणि ती भरण्याची पाळी मुलांकडे द्या. पैसा लागत नाही.

आईची दगडी कुंडी आमच्या अंगणात अजून आहे. काल सकाळी मी ती घासून भरली. दुपारपर्यंत ती अर्धी झाली होती. कोण पिऊन गेले, मी पाहिले नाही.