कामाच्या दिवसांतलें मूल

भाताची कापणी आटोपली कीं शेतकऱ्याच्या घराला विसांवा मिळतो, अशी शहरांत राहणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. पालघर तालुक्यांतील किनारपट्टीच्या गांवांना ही समजूत मुळींच लागू पडत नाहीं. माकुणसारचेंच उदाहरण घ्यावें. सफाळे-केळवे भागांतील ह्या गांवीं हिंवाळा हा वर्षांतील सर्वांत धांदलीचा काळ होय. भाताचे भारे खळ्यावर येऊन पडलेले असतात. त्यांची झोडणी व्हावयाची असते, दाणे पांखडावयाचे असतात, पेंढा रचावयाचा असतो. शेतांतील ओल उडून जाण्यापूर्वीं वाल पेरावा लागतो. वाडींत वांगीं, मिरच्या, मेथी, कोथिंबीर ह्यांना पाणी घालावें लागतें, आणि तयार झालेला माल त्याच दिवशीं खुडून बाजारांत पोंचवावा लागतो. तुळशीचें लग्न लागलें कीं माणसांचीं लग्नें सुरू होतात, तीं वेगळींच. अशा दिवसांत घरांतील प्रत्येक हाताला काम असतें. नसतें तें फक्त घरांतील तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला. ह्या धांदलींत त्या मुलाचें काय होतें, आणि त्याच्यापायीं आणखी कोणाचें काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, ह्या भागांतील अशा एखाद्या घरांत पहाटे डोकावून पाहावें. आई चार वाजतां उठते. भाजीच्या जुड्या आदल्या संध्याकाळींच बांधून, ओल्या फडक्याखालीं झांकून ठेवलेल्या असतात. त्या पाटींत भरून ती स्थानकाची वाट धरते आणि मिळेल त्या गाडीनें मुंबईकडील बाजार गांठते. बाप उजाडतांच खळ्यावर जातो. घरांत राहते ती गुडघे धरलेली आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि तें तीन वर्षांचें मूल. सूर्य वर येतो, मूल जागें होतें, अंथरुणांत शेजारीं हात फिरवून पाहतें. तेथें आई नसते. मग जें रडें सुरू होतें तें थांबविण्याचें काम आजीच्या गुडघ्यांना झेपत नाहीं. तें काम नऊ वर्षांच्या बहिणीच्या वांट्याला येतें. ती भावंडाला कडेवर घेते, तोंड धुते, चहांत भाकरी बुडवून भरविते, अंगणांत हिंडविते. इतक्यांत शाळेची घंटा होते.

पहिल्या दिवशीं ती मुलगी उशिरां शाळेंत पोंचते. पुढच्या आठवड्यांत दोन दिवस जातच नाहीं. माघ येईपर्यंत तिचें नांव हजेरीपटावर असतें, पण जागा रिकामी असते. ह्यांत कोणी दुष्ट असतें असें नाहीं. आईचें तिच्यावर प्रेम असतें, बापालाहि तिनें शिकावें असें वाटतें. "एवढा हंगाम जाऊं दे, मग जाईल रोज," असें दोघेंहि मनापासून म्हणतात. परंतु वर्गांतला धडा हंगाम सरण्याची वाट पाहत नाहीं. वर्गानें भागाकार शिकून घेतलेला असतो आणि ही मुलगी फाल्गुनांत परत येते तेव्हां तिला पाटीवरील आंकड्यांचा अर्थ लागत नाहीं. पुढच्या हिंवाळ्यांत पुन्हा तसेंच. असे तीन हिंवाळे गेले म्हणजे शाळा आपल्यासाठीं नव्हेच, अशी तिची स्वतःची समजूत होऊन बसते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 सालीं झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अंमलांत आला. हक्क मोलाचा आहे; पण कडेवर भावंड घेऊन वर्गांत कसें बसावें, ह्याचें उत्तर कायद्याच्या कलमांत सांपडत नाहीं.

तें उत्तर शोधण्याचा मोठा प्रयत्न ह्याच जिल्ह्याच्या भूमीवर झाला, ही गोष्ट येथील पुष्कळांना आज ठाऊक नसते. श्रीमती ताराबाई मोडक ह्यांनीं 1945 सालीं डहाणू तालुक्यांत, समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं, खेड्यांतील लहान मुलांच्या शिक्षणाचें काम सुरू केलें. श्रीमती अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या. बालमंदिर उघडलें, तरी ज्यांच्यासाठीं तें उघडलें तीं गरीब वस्तीचीं मुलें येईनात. तेव्हां ह्या बाईंनीं पालकांना दोष देत न बसतां शाळाच उचलून मुलांच्या दारांत नेली. घरापुढच्या अंगणांत मुलें गोळा करून, पानें, फुलें, शंख-शिंपले, बिया असल्या फुकट मिळणाऱ्या साधनांनीं शिकवावयास आरंभ केला. अंगणवाडी ह्या शब्दाच्या मुळाशीं तें अंगण आहे. पुढें 1957 सालीं हें काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. तेथें त्यांना तीच अडचण आढळली: मोठी बहीण शाळेंत येऊं शकत नाहीं, कारण तिच्या कडेवर धाकटें भावंड आहे. म्हणून त्यांनीं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकींना जोडल्या. बहिणीनें यावें, तान्ह्याला पाळणाघरांत ठेवावें, मधल्याला बालवाडींत बसवावें आणि आपण वर्गांत जावें. जीं मुलें गुरांमागें जात त्यांच्यासाठीं कुरणशाळा काढली. गुरें चरत असतां तेथेंच शिक्षण. ताराबाईंना 1962 सालीं पद्मभूषण आणि अनुताईंना 1984 सालीं पद्मश्री हा किताब मिळाला. 2 ऑक्टोबर 1975 रोजीं 33 ठिकाणीं सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना तर आतां देशभर पसरली आहे, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव आहे.

हा प्रश्न केवळ आपल्याच खेड्यांतला आहे असें मात्र कोणीं समजूं नये. इटलीच्या रोम शहरांत सान लोरेंझो नांवाची मजुरांची वस्ती होती. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि शाळेच्या वयाचीं न झालेलीं मुलें इमारतीच्या जिन्यांवर मोकाट हिंडून भिंती खराब करीत. त्यांना एका खोलींत संभाळावें म्हणून जानेवारी 1907 मध्यें डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या विदुषीकडे तें काम सोंपविण्यांत आलें. बाईंना तेथें असें दिसून आलें कीं, मुलाला खऱ्या कामाची ओढ खेळण्यापेक्षां अधिक असते. झाडणें, हात धुणें, गुंडी लावणें, पाणी न सांडतां ओतणें, असलीं कामें तीं मुलें तासच्या तास तन्मयतेनें करीत. गुजराथेंत भावनगर येथें गिजुभाई बधेका ह्यांनीं 1920 सालीं बालमंदिर काढून हा विचार आपल्या मातींत रुजविला, आणि त्यांच्याच सहकारी ताराबाईंनीं तो महाराष्ट्राच्या खेड्यांपर्यंत आणला.

आतां ह्या विचाराचा माकुणसारच्या घरांत उपयोग काय? उपयोग असा कीं, धांदलीच्या दिवसांत मुलासाठीं निराळा वेळ काढतां येत नाहीं म्हणून आईबाप खंत करीत बसतात, त्या खंतीचें कारण नाहीं. मुलाला निराळा वेळ फारसा नकोच असतो. जें काम चाललें आहे त्यांत त्याला जागा हवी असते. संध्याकाळीं मेथीच्या जुड्या बांधतांना तीन वर्षांचें मूल मध्यें लुडबुड करतें आणि त्याला "जा, तिकडे खेळ" असें म्हणून घालविण्यांत येतें. त्याऐवजीं जुडीला लागणारा दोरा एकेक करून हातांत देण्याचें काम त्याच्याकडे द्यावें. सोललेल्या वालाचे दाणे एका वाटींत आणि फोलें दुसरीकडे टाकण्याचें काम त्याला बेताचें आहे. पिकलेल्या लाल मिरच्या हिरव्यांतून निवडून काढणें मात्र त्याच्याकडे देऊं नये. तोच हात डोळ्याला लागतो. आजीला पाण्याचा लहान तांब्या नेऊन देणें, वासराला मूठभर पेंढा घालणें, कोंबड्यांना दाणे टाकणें, हीं कामें त्याचींच. विळा, चूल, विहिरीचा कांठ आणि मळणीचें यंत्र ह्यांच्या आसपास त्याला फिरकूं देऊं नये. ह्या बाबतींत लाडहि नको आणि विसरहि नको.

मुलाच्या हातीं काम दिलें कीं तें दुप्पट लांबतें, हें खरें आहे. दोरे खालीं पडतात, दाणे सांडतात. परंतु रडणाऱ्या मुलाला गप्प करण्यांत जाणारा वेळ कोणी मोजीत नाहीं. तो मोजला तर हिशेब निराळा निघेल. शिवाय ज्या मुलाला दिवसांत दोन-तीन ठराविक कामें आहेत त्याला सारखें कडेवर घ्यावें लागत नाहीं. बहिणीची कडेवरून सुटका होण्याचा पहिला उपाय तो हा.

दुसरी गोष्ट पहाटेच्या निरोपाची. मूल रडूं नये म्हणून बहुतेक आया तें झोंपेंत असतांना चोरपावलांनीं निघून जातात. हेतु चांगला असतो, फळ वाईट येतें. आई केव्हांहि नाहींशी होऊं शकते, हें एकदां मनानें घेतलें म्हणजे मूल रात्रींहि पदर सोडीत नाहीं. घरांतील शहाणी आजी सुनेला म्हणते, "सूनबाई, त्याला सांगून जात जा. पोर लहान आहे, पण खुळें नाहीं." ती म्हणते तें बरोबर आहे. रात्रीं निजतांना त्याला सांगावें कीं, उद्यां तूं उठशील तेव्हां मी बाजारांत गेलेली असेन, आणि दुपारीं वासराला पेंढा घालून झाला कीं येईन. घड्याळ त्याला कळत नाहीं, पेंढा कळतो. मात्र जें सांगितलें तें पाळावें. गाडी चुकून उशीर झाला, तर आल्यावर प्रथम त्याला जवळ घेऊन तसें सांगावें आणि मग पाटी उतरावी.

तिसरी गोष्ट बापाची. खळ्यावर जातांना धाकट्याला अंगणवाडींत पोंचवून पुढें जावयास त्याला फार तर पाव तास लागतो. भाऱ्यांची झोडणी पाव तास उशिरां सुरू झाली तर भात कमी उतरत नाहीं. मुलगी मात्र वेळेवर शाळेंत जाते. पुष्कळ घरांत हें काम बापाचें नव्हे, असा संकोच अजून आहे. तो टाकून द्यावा. जें काम नऊ वर्षांच्या मुलीला जमतें, तें तिच्या बापाला कमीपणाचें कसें ठरेल?

ज्यांना एवढेंहि स्वास्थ्य नाहीं अशीं कुटुंबें ह्याच जिल्ह्यांत आहेत, त्यांचें विस्मरण होऊं नये. जव्हार-मोखाड्याकडील अनेक आदिवासी कुटुंबें भाताचें काम आटोपतांच वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचीं मुलें आईबापांबरोबर जातात. त्यांना ना अंगण, ना आजी. भट्टी ज्या गांवच्या हद्दींत असेल, त्या गांवच्या शाळेनें आणि अंगणवाडीनें हीं मुलें कांहीं महिन्यांचीं पाहुणीं न समजतां आपलीं म्हणून बोलावून आणावींत. ताराबाईंनीं 1945 सालीं केलें तें हेंच होतें.

हंगामाच्या एखाद्या गार संध्याकाळीं ह्या भागांत मडक्यांत वालपापडी, रताळीं, कोनफळ भरून उकडहंडी लावतात. मडकें भरतांना शेंगा धाकट्याला टाकूं द्याव्या, आणि तें शिजेपर्यंत मुलीनें त्या दिवशीं शाळेंत काय शिकलें तें बापानें विचारावें. सांगण्यासारखें तिच्यापाशीं कांहीं असलें, तर हिंवाळा चांगला गेला असें त्या घरानें समजावें.