माडीवरचे बघे



मुलांना दारिद्र्याचे दाहक चित्रपट दाखवावेत की नाही, हा प्रश्न चार पालकांच्या बैठकीत निघाला म्हणजे माझ्यासारखा सुस्थित मनुष्य तत्काळ ‘अवश्य दाखवावेत’ असे म्हणून मोकळा होतो. आणि त्या उत्तरामागे, प्रांजळपणे सांगावयाचे तर, कलेविषयीच्या आस्थेपेक्षा ताटात भाजी टाकणाऱ्या चिरंजीवांना आपल्या भाग्याची जाणीव करून देण्याचा हिशेबी हेतूच अधिक असतो. ‘फँड्री’ मी माझ्या तेरा वर्षांच्या मुलाला दाखवला तो याच हेतूने. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला, दिग्दर्शकाच्या पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला, आणि जब्या झालेल्या सोमनाथ अवघडे या मुलालाही बालकलाकाराचा. आम्ही तो पुष्कळ उशिरा पाहिला. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीतील आमच्या घरी, कोळशाच्या ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या एका रविवारच्या दुपारी.

जब्याविषयी, त्याच्या काळ्या चिमणीविषयी आणि त्याला आवडणाऱ्या शालूविषयी जाणकारांनी विपुल लिहिले आहे. माझी दृष्टी मात्र किशोर कदम यांनी उभ्या केलेल्या जब्याच्या बापावरून, कचरू मान्यावरून, हलेना. मुलीच्या लग्नाची तजवीज करायची म्हणून गावातली डुकरे धरण्याचे काम पत्करणारा आणि ऐन शाळेच्या वेळी पोरालाही त्यात ओढणारा हा बाप निष्ठुर आहे, असा निवाडा देणे सोपे आहे. परंतु मुलाला वाटणारी लाज आपल्याला कळते, आणि ती कळते असे दाखवणे मात्र आपल्याला परवडणारे नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसाने लपून बसलेल्या पोरावर हात उगारला, तर त्या हातात मला तरी संतापापेक्षा असहायताच अधिक दिसली.

‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्याच्या घरची ही भाषा बोलणाऱ्या कैकाड्यांची सरकारी दप्तरातील हकीकत आमच्या मुलखापुरती तर मोठी चमत्कारिक आहे. यवतमाळ जिल्ह्यात ते अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, चंद्रपूर जिल्ह्यातही आहेत, पण तेथे ‘राजुरा तालुका वगळून’ अशी पुस्ती जोडलेली आहे. कारण तो तालुका एके काळी निजामाच्या राज्यात होता. विदर्भाबाहेर तेच लोक विमुक्त जातींत मोडतात. म्हणजे टोपल्या विणणारी बोटे तीच, बोली तीच, आणि पैनगंगेच्या अलीकडे नि पलीकडे दाखला मात्र निराळा! पण हे झाले कागदाचे.

चित्रपट संपला. जब्याने भिरकावलेला दगड थेट आमच्या अंगावर आला. मुलगा काही वेळ पाय वर घेऊन बसून राहिला, मग उठून त्याने खिडकी उघडली आणि खाली गल्लीकडे पाहत म्हणाला,

“बाबा, आपल्या गल्लीत डुकरं पकडायला आले होते न, तेव्हा मी शिट्टी मारली होती न?”

मी ‘हो’ म्हणालो. सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ होती. डुकरांच्या बंदोबस्ताचा अर्ज आम्ही रहिवाशांनीच केला होता, त्यावर सही करणारांत मीही होतो; आणि माणसे जाळी घेऊन आली तेव्हा सारी आळी, जत्रेतली कुस्ती पाहावी तशी, माड्यांवर जमली होती. एक पिल्लू जाळीखालून निसटले, त्याच्या मागे धावणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा दोरीसकट गटारात पडला, आणि हशा उसळला. चिखलाने भरलेले तोंड बाहीने पुसत त्याने एकदा वर पाहिले. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. कठड्यावरून नीट दिसावे म्हणून मी त्याला स्टुलावर उभे केले होते, आणि दोन बोटे जिभेखाली कशी दुमडायची म्हणजे शिट्टी खणखणीत वाजते, हे त्याला तेथेच शिकवले होते.