पुढे धाडण्यापूर्वी

मुले किती सहज पळविली जातात याची पालकांना जाणीव व्हावी, म्हणून कराचीतील एका संस्थेने 2016 साली एक लहानशी चित्रफीत तयार केली. मोटारसायकलवरून दोघेजण येतात, रस्त्यात खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात. पण लगेच ते परत फिरतात, मुलाला खाली ठेवतात आणि एक फलक उघडून दाखवितात. मूल पळवावयास एक क्षण पुरतो, असा त्या फलकाचा आशय होता. पुढे कोणी तरी या चित्रफितीचा शेवट कापून टाकला. परत येणे गेले, फलक गेला. उरले ते केवळ अपहरण. 2018 साली तोच तुकडा, जणू आपल्याच भागात घडलेली घटना म्हणून, भारतात मोबाइलवरून फिरू लागला. लोकशिक्षणासाठी जन्मलेली वस्तू लोकांच्याच हातून लोकांचा घात करू लागली.

त्या वर्षी अशा अफवांनी अनेक राज्यांत निरपराध माणसांचे प्राण घेतले. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. गावोगाव भिक्षा मागत हिंडणे हा या समाजाचा पिढीजात जीवनक्रम होय. दाराशी आलेल्या भिक्षेकऱ्याला पसाभर पीठ घालावे, ही ज्या मुलखाची रीत, त्याच मुलखात त्या दिवशी परकेपणा हाच गुन्हा ठरला.

अशा वेळी सारा दोष यंत्राच्या माथी मारणे सोपे असते. परंतु यंत्राने संदेश निर्माण केला नव्हता. तो माणसांनी एकमेकांना पाठविला होता. त्यांत दुष्ट हेतूने पाठविणारे थोडे आणि मुलांच्या काळजीपोटी पाठविणारे फार असणार. प्रश्नाची खरी अवघड बाजू हीच आहे. दुष्टाला आवरण्यासाठी कायदा आहे. सद्‌हेतूने चूक करणाऱ्याला मात्र शिकवावेच लागते. ते कसे शिकवावे, याची काही उदाहरणे याच देशात घडली आहेत.

तेलंगणातील जोगुळांबा गदवाल जिल्ह्यात 2018 मध्ये रेमा राजेश्वरी या पोलीस अधीक्षक होत्या. अफवांच्या भीतीने लोक सायंकाळी दारे लावून बसू लागले, अंगणात मुले दिसेनाशी झाली, हे त्यांच्या शिपायांनी हेरले. तेव्हा केवळ पत्रके काढून न थांबता त्यांनी पोलिसांना गावागावांत पाठविले. डफ वाजवून दवंडी दिली गेली, लोकगीतांतून अफवेचे खोटेपण सांगितले गेले, आणि संशय आला तर हात न उचलता पोलिसांना कळवावे, हे गावकऱ्यांच्या मनावर बिंबविण्यात आले. चारशेहून अधिक गावांच्या त्या टापूत त्या वर्षी अशा अफवेने एकही बळी घेतला नाही. नव्या साधनाची शिस्त जुन्या दवंडीने शिकविली, कारण दवंडी देणारा माणूस गावाच्या ओळखीचा होता.

केरळातील कन्नूर जिल्ह्यात हेच काम शाळांनी हाती घेतले. लसीकरणाविषयीच्या खोट्या संदेशांमुळे पालक मुलांना लस टोचून घेऊ देईनात, हा तेथील प्रशासनाचा अनुभव होता. जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांच्या पुढाकाराने सुमारे 150 सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ या नावाने तास सुरू झाले. संदेश कोठून आला, तो खरा कशावरून, त्याने मनात भीती वा संताप उत्पन्न करण्याचा यत्न केला आहे काय, हे प्रश्न विचारावयास मुले तेथे शिकली. वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न करू नये असे शिकविणाऱ्या समाजात, घरातील वडीलधाऱ्यांना ‘हे कशावरून?’ असे नम्रपणे विचारणारी मुले घडविणे, हे लहानसहान कार्य नव्हे.

तथापि एका व्याख्यानाने माणूस बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. 2019 च्या निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये संशोधकांनी मतदारांना सुमारे तासभर असे शिक्षण देऊन पाहिले. एकंदरीत पाहता त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. पुढे त्याच राज्यात साडेतेरा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांवर अधिक मोठा प्रयोग झाला. ग्रंथालयांत चौदा आठवड्यांच्या अवधीत चार वेळा वर्ग भरले. या वेळी मात्र खरे-खोटे पारखण्याची मुलांची शक्ती स्पष्टपणे वाढली, काही महिन्यांनंतरही ती टिकली, आणि तिचा लाभ त्यांच्या पालकांपर्यंतही पोहोचला. विवेक हा सवयीचा विषय आहे, आणि सवय एका दिवसात जडत नाही.

व्यक्तीने शिकावयाचे तसेच संस्थांनीही शिकावयाचे असते. 17 जुलै 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींसंबंधी निर्णय देताना, अशा हिंसेचे परिणाम गंभीर होतील हे रेडिओ व दूरचित्रवाणीवरून लोकांना सांगावे, असा आदेश केंद्र व राज्य सरकारांना दिला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास अटकाव केला. 2019 च्या जानेवारीत ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल 2020 मध्ये, अनेक हातांतून फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, असे ठरले. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार 70 टक्क्यांनी घटला, असे कंपनीने जाहीर केले. वाटेत एवढासा उंबरठा घातल्याने इतका फरक पडतो, याचा अर्थ उघड आहे. पूर्वी ती वाट अतिसुलभ केली होती, आणि त्या सुलभतेची जबाबदारी ती वाट बांधणाऱ्यांवरही होती.

परंतु हे संदेश बंद पाकिटासारखे असतात. त्यांतील मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. म्हणून अखेरचा निर्णय ज्याच्या हाती तो संदेश आहे, त्याचाच राहतो. त्याने क्षणभर थांबावे, माहितगाराला विचारावे, आणि खात्री नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा. खोटा संदेश हातून गेलाच, तर तो ज्यांना धाडला त्यांनाच दुरुस्तीही धाडावी. तसे करताना थोडी लाज वाटेल. ती सोसावयास शिकणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे. कोणा अनोळखी वाटसरूचा जीव त्या लाजेहून निश्चितच मोलाचा आहे.