पॉवेलाइटची पिवळी चमक

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या नव्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये ज्या काळ्या बेसाल्टची खडी पडते, त्याच्या पोटातल्या पोकळ्यांत स्फटिक वाढलेले असतात. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पोकळ्या भरल्या त्या नंतर, खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने. बहुतेकींत झिओलाइट किंवा अपोफिलाइट निघते. पण पांडवलेण्यांच्या परिसरातल्या दगडखाणीतून पॉवेलाइटही निघाले, आणि जगभरचे संग्राहक नाशिकच्या पॉवेलाइटला फार मान देतात. हे कॅल्शियम मॉलिब्डेट. साध्या उजेडात ते फिकट दिसते, अतिनील दिव्याखाली मात्र पिवळेधमक उजळते. ही करामत इलेक्ट्रॉनची, असे आपण पटकन म्हणून टाकतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. अणूंची कंपने हिशेबात धरल्याशिवाय ही चमक पिवळीच का, हे सांगता येत नाही.

पॉवेलाइटमध्ये एका मॉलिब्डेनमभोवती चार ऑक्सिजन असतात, आणि त्या मॉलिब्डेनमच्या डी-कक्षेत एकही इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. पुण्याजवळच्या वाघोलीचे कॅव्हन्साइट गर्द निळे असते, कारण त्यातल्या व्हॅनेडियमकडे असा एक इलेक्ट्रॉन असतो आणि दृश्य प्रकाश त्याला हलवू शकतो. पॉवेलाइटमध्ये ती सोय नाही. तिथे ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन धातूकडे ढकलावा लागतो, आणि त्यासाठी अतिनील किरणांची ताकद लागते. दिव्यातून येणारा प्रकाश 254 नॅनोमीटरचा. परत मिळणारी चमक रुंद पट्ट्याची, मध्य सुमारे 530 नॅनोमीटरवर. म्हणजे निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच खर्च झाली. कुठे? इलेक्ट्रॉनने जागा बदलताच बंध सैल पडतात, ऑक्सिजन सरकतात आणि ऊर्जा कंपनांच्या रूपाने स्फटिकभर पांगते. उरलेली शिल्लक आपल्याला पिवळी दिसते.

यावर शंका निघेल की रंग तर भेसळीचाही असतो. शंका रास्त आहे. हिरव्या अपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियमच्या अंशाने येतो. पण प्रयोगशाळेत वाढवलेले शुद्ध कॅल्शियम मॉलिब्डेटही चमकते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: रासायनिक पृथक्करण असताना कंपने मोजायची कशाला? याला वाघोलीतच उत्तर आहे. कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट दोन्ही तिथे सापडतात, दोघांचे रासायनिक सूत्र एकच. वेगळी आहे ती अणूंची मांडणी, आणि मांडणी बदलली की कंपनेही बदलतात. 1928 साली रामन यांनी दाखवलेल्या प्रकाशाच्या विखुरण्यातून ती वाचता येतात.

पॉवेलाइटचे जुळे भावंड म्हणजे शीलाइट: रचना तीच, मॉलिब्डेनमच्या जागी टंगस्टन. चारही ऑक्सिजन एकदम आतबाहेर होतात ते कंपन पॉवेलाइटमध्ये सुमारे 879 तरंगसंख्येवर दिसते, म्हणजे सेकंदाला सुमारे 26 लाख कोटी हेलकावे. टंगस्टनचा अणू जवळजवळ दुप्पट जड, तेव्हा शीलाइटचे कंपन संथ असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते 911 वर, अधिक जलद! कारण या हालचालीत मधला धातू जागचा हलतच नाही. त्याचे वजन गैरलागू, फरक पडतो बंधाच्या ताकदीने. या घट्ट बंधात इलेक्ट्रॉनसाठी रिकामी जागाही अधिक उंचावर असते, म्हणून शीलाइटची चमक निळसर. खनिज शोधणारे याच खुणेवर चालतात: शीलाइट पिवळसर उजळले की त्यात मॉलिब्डेनम मिसळले आहे असे समजतात.

अर्थात सगळे रंग असे उलगडतात, असा माझा दावा नाही. खडकातल्या लोखंडाचे प्रकरण पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. पण कॅल्शियम मॉलिब्डेटपुरता हा हिशेब इतका भरवशाचा आहे की दक्षिण कोरियात चालणाऱ्या ‘अमोर’ प्रयोगात त्याचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून वापरले गेले. मॉलिब्डेनम-100 च्या अणुकेंद्राचा एक अतिदुर्मीळ क्षय तिथे शोधतात. प्रत्येक घटनेत स्फटिकात उमटलेली उष्णता, म्हणजे कंपने, आणि बाहेर पडलेला प्रकाश ही दोन्ही एकाच वेळी मोजली जातात; आल्फा कण तितक्याच उष्णतेला कमी प्रकाश देतात, म्हणून ते बाजूला काढता येतात.